नुसतं निकोटिनच आहे ना!

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल, कंटाळा आला तर पुढे सरका.

ऑफिसात माझ्या शेजारी चोविशीतला एक मुलगा बसतो. सकाळी अकरालाच एनर्जी ड्रिंकचा दुसरा कॅन आणि ओठाखाली निकोटिनचं पाऊच. म्हटलं, अरे, माउसवरचा हात बघ, थरथरतोय. तर म्हणतो, "ताई, सिगरेट थोडीच ओढतोय? नुसतं निकोटिनच आहे ना! आणि कॅफिन तर सगळेच घेतात."

सगळेच घेतात. दादाही हेच म्हणायचा.

दादाच्या दिवसाला वीसेक सिगरेटी आणि सात-आठ मग काळी कॉफी. एकदा रात्री दोनला त्याने मला उठवलं. कपाळावर घाम, हातात मग, आणि मगातला चमचा आपोआप किणकिणतोय. नाडी मोजली तर मिनिटाला 132. कार्डिओग्राम ठीक निघाला, नशीब. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती? दादाने सिगरेटींचा आकडा सांगितला. कॉफीचा नाही. ती पण मोजायची असते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

अरे बाबांनो, निकोटिन अ‍ॅड्रेनलिन सोडायला लावतं, रक्तवाहिन्या आवळतं, नाडी पळवतं. कॅफिन मेंदूत थकव्याची खबर देणाऱ्या अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणजे थकवा आलाय हे कळतच नाही. एक घोड्याला चाबूक मारतं, दुसरं घोडा दमलाय हे लपवतं. आणि आपण म्हणतो, काय फोकस लागलाय!

हो, मान्य. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. मीही दोन कप पितेच. पाऊचमध्ये धूर नाही, डांबर नाही, तेही मान्य. पण जोडीचं काय?

कारण दादाची खरी गंमत (कसली गंमत!) पुढेच झाली. त्याने सिगरेट एका झटक्यात सोडली, कॉफी मात्र तेवढीच ठेवली. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिनचा निकाल जवळजवळ दुप्पट वेगाने लावत असतं. धूर बंद झाला की काही दिवसांत तो वेग उतरतो. म्हणजे कॉफीचे मग तेवढेच, पण अंगात कॅफिन जवळपास दुप्पट. रात्रभर टक्क जागा, छातीत धडधड, शब्दाशब्दाला चिडचिड. त्याला वाटलं, सिगरेट सोडली म्हणून होतंय. अकराव्या दिवशी परत पेटवली. मी त्याला नाही नाही ते बोलले. तुझ्यात दमच नाही, असंही. तो गप्प बसून राहिला. कॉफी निम्मी कर, एवढं एक वाक्य कुणीतरी सांगायला हवं होतं. मला तरी कुठे माहीत होतं?

दुसऱ्या खेपेला आधी कॉफी दोन मगांवर आणली, तीही दुपारच्या आत. मगच सिगरेट सोडली. सुटली.

आणि हा पोरगा! धूर नाही, म्हणजे याचं यकृत ती घाईही करत नाही. सकाळी प्यायलेलं कॅफिन पाचेक तासांनीसुद्धा निम्मं रक्तात असतं, त्यावर दर तासाला नवीन पाऊच. वर विचारतो, ताई, मला रात्री झोप का लागत नाही?

ओरडणार होते. पण दादाचा तेव्हाचा चेहरा आठवला.

तिसरा कॅन उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. उद्या मागेलच.