‘ऑस्ट्रेलियातला शेतकरी रडत नाही’ : फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कर्जमाफीची मागणी पुढे आली की एक मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘ऑस्ट्रेलियात एकेक शेतकरी पाच हजार एकर कसतो. पाऊस आपल्याहून कमी. सरकार ना हमीभाव देतं, ना अनुदान, ना कर्जमाफी. तरी तिथला शेतकरी रडत नाही, आत्महत्या करत नाही. आपल्याकडच्यांना फुकटाची सवय लागली आहे.’ शेतकऱ्यांचीच शिकलेली मुलं हा मेसेज पुढे पाठवतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

‘ऑस्ट्रेलिया’ असं मोघम बोलून काही हाती लागत नाही, म्हणून एकच मुलूख घेऊ. व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्येला विमेरा आणि मॅली या कोरडवाहू पट्ट्यात यॅरिअँबियॅक शायर नावाची ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्था आहे. कारभार वॉरॅकनबील गावातून चालतो. मर्टोआ, मिनिप, रुपनयप, ब्रिम, ब्यूला, होपटन ही तिच्यातली गावं. गहू, बार्ली, कॅनोला, मसूर आणि मेंढ्या यांवर सगळा व्यवहार. मेसेजमधला शेतकरी राहतो तो अशाच ठिकाणी.

आधी हमीभाव, अनुदान आणि माफी. आज तिथे गव्हाला हमीभाव नाही, आणि शेतीला मिळणारी सरकारी मदत श्रीमंत देशांमध्ये सर्वांत कमी असलेल्यांपैकी आहे. एवढं खरं आहे. पण ‘आज’ हा शब्द मेसेज खाऊन टाकतो.

मर्टोआत एक गोदाम उभं आहे. लोक त्याला ‘स्टिक शेड’ म्हणतात. २७० मीटर लांब, ६० मीटर रुंद, आणि एवढं छप्पर पेललंय ते निलगिरीच्या कुळातल्या उंच झाडांच्या ५६० अखंड, न तासलेल्या खोडांनी. हे १९४१-४२ साली बांधलं. महायुद्धामुळे गहू न्यायला जहाजं मिळेनात, पोलादाचाही तुटवडा. म्हणून लाकडावरच भागवलं. त्यात ९० हजार टनांहून जास्त गहू मावायचा. हा गहू कुणा व्यापाऱ्याचा नव्हता. १९३९ मध्ये सरकारने गहू मंडळ स्थापून शेतकऱ्यांचा गहू ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती आणि माल विकायच्या आधीच त्यांना उचल दिली जात होती. जगाचा बाजार बंद पडला तेव्हा विमेराचा शेतकरी तगला तो या व्यवस्थेमुळे.

युद्ध संपल्यावरही सरकारने हात काढून घेतला नाही. १९४८ मध्ये गहू स्थिरीकरणाचा कायदा झाला आणि उत्पादन खर्चाशी जोडलेला हमीभाव आला. त्या व्यवस्थेचं रूप बदलत गेलं, पण किमान भावाची हमी १९८९ पर्यंत टिकली. निर्यातीची एकाधिकार व्यवस्था तर २००८ पर्यंत होती. आज ‘स्वतःच्या पायावर’ दिसणारं शेत ज्या आजोबांनी आणि वडिलांनी उभं केलं, त्यांच्या उमेदीच्या वर्षांत गव्हाला हमीभाव होता.

माफीचंही तसंच. महामंदीत कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांची देणी तडजोडीने कमी करून मिटवावीत, म्हणून १९३५ साली केंद्र सरकारने खास कायदा करून राज्यांना पैसा उपलब्ध करून दिला. पुढे १९९७ ते २००९ या लांबलेल्या दुष्काळात पात्र शेतकऱ्यांच्या कर्जावरच्या व्याजाचा मोठा वाटा सरकारने भरला, शिवाय घरखर्चाला भत्ता दिला. आता व्याजाची ती सवलत बंद झाली आहे, पण अडचणीतल्या शेतकरी कुटुंबाला दहा वर्षांत चार वर्षांपर्यंत घरखर्चाचा भत्ता मिळू शकतो. चांगल्या वर्षाचं उत्पन्न खास ठेवीत टाकून त्यावरचा कर पुढे ढकलता येतो. मर्यादा ८ लाख डॉलर. शेतात वापरलेल्या डिझेलवरचा कर परत मिळतो. पिकांच्या संशोधनासाठी शेतकरी विक्रीतून सुमारे १ टक्का पट्टी देतात आणि सरकार त्यात आपली भर घालतं. शेजारच्या हॉर्शममधल्या सरकारी केंद्रात मसुराच्या नव्या जाती तयार होतात, त्यामागे हाच पैसा आहे. या व्यवस्थेला ‘काहीच देत नाही’ कसं म्हणायचं? मदतीची तऱ्हा वेगळी आहे, एवढंच म्हणता येईल.

आणि भाव पडले की तिथला शेतकरी गप्प बसतो, हेही खोटं. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने हरभरा आणि मसुरावर ३० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा त्याची झळ थेट या गावांना लागली. आदल्याच वर्षांत चढ्या भावाकडे बघून लोकांनी मसुराचा पेरा वाढवला होता. मग संघटनांनी निवेदनं दिली, आपल्या मंत्र्यांना धारेवर धरलं. आपला कांदा उत्पादक निर्यातबंदीनंतर करतो तेच त्यांनी केलं, आणि दोघांनीही बरोबरच केलं.

आता पाच हजार एकर. मेसेजचा सगळा रुबाब या आकड्यावर आहे, म्हणून तो सोलून बघायला हवा.

विमेराची जमीन मुळात वॉटजोबालुक आणि इतर आदिवासी समाजांची. ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. त्यांच्या हक्काला न्यायालयाची मान्यता मिळायला २००५ साल उजाडलं, तीही मूळ प्रदेशाच्या छोट्या भागापुरती. १८६९ च्या कायद्याने सरकारने ही जमीन गोऱ्या वसाहतकऱ्यांना ३२० एकरांपर्यंतच्या तुकड्यांत वाटली, एकरी एक पौंड, तोही हप्त्याने. मागोमाग सरकारी पैशाने रेल्वे आली. म्हणजे सुरुवात पाच हजारांची नव्हती. आजचे पाच हजार एकर म्हणजे तशा पंधरा-सोळा कुटुंबांच्या जमिनी आहेत. एकाचं शेत वाढलं ते बाकीचे उठून गेले म्हणून.

उठून गेले म्हणजे काय झालं, ते आकड्यात बघा. यॅरिअँबियॅकचं क्षेत्रफळ सुमारे ७,३०० चौरस किलोमीटर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडंसंच कमी. कोल्हापुरात २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांवर माणसं होती. या शायरमध्ये २०२१ ला साडेसहा हजारांच्या आसपास. मिनिप आणि मर्टोआ ही दोन वेगळी गावं, पण फुटबॉलचा संघ आज दोघांत मिळून एक. ब्रिमच्या वापरात नसलेल्या धान्यकोठारांवर २०१६ मध्ये एका चित्रकाराने स्थानिक शेतकऱ्यांची प्रचंड चित्रं रंगवली, ती बघायला आता लांबून लोक येतात. त्या पर्यटनाचा गावाला आधार आहे, आणि गावकऱ्यांनी तो मोठ्या जिद्दीने उभा केला. पण मोजकी कुटुंबं उरली की दवाखाना, शाळा, दुकान सगळंच टिकवणं कठीण होतं, आणि हजारो किलोमीटरचे रस्ते मूठभर करदात्यांच्या जिवावर राखावे लागतात.

महाराष्ट्रात एका शेतकऱ्याकडची सरासरी जमीन १.३४ हेक्टर आहे. इथे प्रत्येकी पाच हजार एकर करायचे तर दर दीड हजार शेतकऱ्यांमागे एकाला ठेवून बाकीच्यांना कुठे पाठवायचं? मेसेज पुढे पाठवणाऱ्याने एवढं तरी सांगावं.

पावसाचा मुद्दा थोडक्यात. वॉरॅकनबीलला वर्षाकाठी साधारण ४०० मिलिमीटर पडतो, म्हणजे मराठवाड्यापेक्षा बराच कमी. पण तो मुख्यतः थंडीत पडतो. एप्रिल-मे मध्ये पेरणी, डिसेंबरच्या सुमाराला काढणी. मधल्या महिन्यांत ऊन सौम्य, बाष्पीभवन कमी, आणि भारी चिकण जमीन ओल धरून ठेवते. तुलना करायचीच तर मंगळवेढ्याच्या रब्बी ज्वारीशी करा. जून-जुलैत उघडीप पडली की करपणाऱ्या कापूस-सोयाबीनशी नको. शिवाय घराला आणि जनावरांना लागणारं पाणी सरकारने पोचवलं आहे. पूर्वी १७ हजार किलोमीटरहून लांब उघडे पाट होते. वर्षातून एकदा त्यांतून शेततळी भरायची आणि बहुतेक पाणी वाटेतच जिरायचं, उडून जायचं. २०१० पर्यंत त्या जागी सुमारे ९ हजार किलोमीटरची पाइपलाइन आली. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि पाणी वापरणाऱ्यांचा.

शेवटचा मुद्दा आत्महत्येचा, आणि तो सर्वांत क्रूर आहे. ऑस्ट्रेलियात शहरांपेक्षा ग्रामीण भागात आत्महत्यांचं प्रमाण जास्त आहे, आणि शेतकऱ्यांमध्ये ते इतर कामकऱ्यांपेक्षा जास्त असल्याचं तिथले अभ्यास वारंवार दाखवतात. एकाकीपणा, कर्ज, दुष्काळ, ‘मर्दाने मदत मागू नये’ ही समजूत: कारणंही ओळखीची वाटतील. ‘तिथे कुणी मरत नाही’ असं लिहिणं म्हणजे तिथल्या घरांचं दुःखही पुसून टाकणं.

फरक आहे तो पुढे काय केलं यात. शेतकऱ्यांच्या आरोग्यावर काम करणारं राष्ट्रीय केंद्र व्हिक्टोरियातल्याच हॅमिल्टन गावात २००८ पासून आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा आर्थिक सल्लागार शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हिशेबाच्या वह्या बघतो, बँकेशी बोलणी करायला मदत करतो, आणि त्याचे पैसे शेतकऱ्याला द्यावे लागत नाहीत. आणि २०११ च्या राज्य कायद्यानुसार शेतीच्या थकलेल्या कर्जासाठी जमिनीवर किंवा अवजारांवर हात टाकण्याआधी बँकेला शेतकऱ्यापुढे मध्यस्थीचा प्रस्ताव ठेवावाच लागतो. असा कायदा आपल्या शेतकऱ्यालाही हवा, ही मागणी त्या मेसेजमध्ये एका ओळीनेसुद्धा नाही.