कोल्हापुरी रात्रभर पाण्यात बुडवा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

‘मिलानच्या रॅम्पवरची फॅशन रोजच्या वापरात, 7 सोपे नियम’ असा एक लांबलचक मेसेज गेले आठ-दहा दिवस फिरतोय. मी दोनदा न वाचताच सोडून दिला. पण रविवारी माझ्या भाचीनं तो वाचून नवी कोरी कोल्हापुरी रात्रभर बादलीत बुडवली, सकाळी गच्चीवर कडक उन्हात टाकली आणि दुपारी रडत फोन केला, “मावशी, तळ सुटलाय गं.” मी 15 वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीत कपडे शिवते, मोबाईलवर फोटो दाखवून “असंच शिवून द्या ताई” म्हणणाऱ्या मुली रोज येतात, त्यामुळं आता गप्प बसवत नाही.

त्या चपलेच्या नियमापासूनच सुरू करते. तो म्हणतो (प्रादा म्हणजे इटलीतली मोठी फॅशन कंपनी), ‘कोल्हापुरी म्हणजे प्रादाची सँडल. नवी आणली की रात्रभर भिजवा, उन्हात वाळवा, तेलात माखा, मऊ होते.’

अहो, ती कशाची बनते ते तरी आधी विचारायचं होतं की कुणाला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, एकावर एक थर, चामड्याच्याच वादीनं हातानं शिवलेले. असं चामडं पाणी पितं आणि फुगतं, मग उन्हात टाकलं की आकसतं, तडकतं, थर एकमेकांना सोडतात. म्हणून तर मृग लागला की आमच्याकडं कोल्हापुरी पेपरात गुंडाळून माळ्यावर जाते. चुकून भिजलीच तर कोरड्या फडक्यानं पुसायची आणि सावलीत वाऱ्याला ठेवायची, बस्स. तेलाचं तेवढं खरं आहे, मान्य करते, तेल लावतात, पण अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून, बोटानं, थोडंसं. आणि पहिले काही दिवस घरातल्या घरात अर्धा-पाऊण तास घालून फिरायचं, पायाच्या उबेनं ती आपोआप बसते.

आणि ‘प्रादाची’ कशी? 22 जून 2025 ला मिलानच्या पुरुषांच्या शोमध्ये प्रादानं ह्या चपला दाखवल्या, नाव दिलं नुसतं ‘लेदर सँडल’, ना कोल्हापूर ना भारत. इकडून ओरड झाल्यावर कंपनीनं कबूल केलं की मूळ भारतीय पारंपरिक चपलेचं आहे, त्यांची माणसं जुलैत इथं येऊन कारागिरांना भेटून गेली आणि डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करारही झाला. कोल्हापुरीला 2019 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आपले 4 जिल्हे म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, एवढ्या 8 जिल्ह्यांत बनली तरच तिला ते नाव लावता येतं. म्हणजे इथं रॅम्पवरनं काही खाली आलेलंच नाही, शेतात आणि लग्नात घातलेली आपली चप्पल वर गेलीय, मग ती कशी वापरायची हे मिलानकडून शिकायचं का आमच्या चप्पल लाईनमधल्या, चपलांच्या दुकानांच्या गल्लीतल्या माणसाला विचारायचं?

पहिला नियम, ‘रॅम्पवरचा लूक डोक्यापासून पायापर्यंत जसाच्या तसा घाला.’ रॅम्पवरचा कपडा लांबून आणि कॅमेऱ्यात दोन सेकंदात नजरेत भरावा म्हणून मुद्दाम वाढवलेला असतो, त्याच कंपनीच्या दुकानात तो येतो तेव्हा खांदा उतरलेला असतो, घेर कमी झालेला असतो. फ्रान्सच्या सँ लोराँ ह्या डिझायनरनं 1966 साली बायकांसाठी पुरुषी टक्सिडो, म्हणजे समारंभाचा काळा सूट आणला, आज त्यातला काळा ब्लेझर तेवढा मुली इंटरव्ह्यूला घालतात, बाकीचा लूक कोण घालतंय? गेल्या महिन्यात एक मुलगी जमिनीवर लोळणाऱ्या रुंद पॅन्टचा फोटो घेऊन आली. जाते स्कूटीवर, दसरा चौकातनं, पावसात. मी घेर तसाच ठेवला आणि उंची घोट्याच्या वर घेतली, कापड लिननऐवजी चुरगळत नाही असं दिलं. तिला हवी ती ढगळ मजा मिळाली आणि चिखलही लागत नाही. फोटोतनं घ्यायचं ते एवढंच, घेर किंवा रंग किंवा गळा.

‘लांब केप किंवा स्कार्फ रोज वापरा’ हे वाचून मला खरंच भीती वाटली. नर्तकी इझाडोरा डंकन 14 सप्टेंबर 1927 ला फ्रान्समधल्या नीसमध्ये वारली ती गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून. आपल्याकडं निम्म्या पोरी दुचाकीवर, ओढणी चाकात जाण्याची भीती प्रत्येक आईला माहीत आहे. गाडीवर बसताना ओढणीला गाठ मारा नाहीतर जॅकेटच्या आत खोचा, केप घरच्या कार्यक्रमाला घाला.

आजीची इरकल कापून को-ऑर्ड सेट, म्हणजे एकाच कापडाचा टॉप-पॅन्टचा जोड शिवा म्हणे. इरकलीचा पदर साडीच्या ताण्याला फासे अडकवून जोडलेला असतो, तो जोड कापला की संपलं. विरलेली, फाटलेली साडी असेल तर काठ काढून कुर्त्याला लावा, मी स्वतः लावते. धडधाकट साडीला कात्री लावायला मी नाही म्हणून सांगते, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

‘एका वेळी एकच उठावदार वस्तू’ हा नियम बरोबर आहे, पण मग पहिल्या नियमाचं काय? ‘दर सीझनला जुनं काढून टाका’ म्हणणाऱ्याला एवढंच, तिकडचे बायकांचे शो फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या थंडीचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे असतात, आपला पावसाळा त्यात कुठंच नाही, तर कुणाच्या सीझननं आपलं कपाट रिकामं करायचं? बेज रंग सगळ्यांना शोभतो हा सातवा, तर आरशासमोर कापड खांद्यावर टाकून बघा, कळेल.

भाचीची चप्पल मी सोमवारी सुभाषनगरात एका कारागिराकडं दिली. त्यानं वास घेऊनच विचारलं, “पाण्यात ठेवली होती काय ओ?” तळ नवा घालावा लागणार, अंगठा आणि वेणी वाचेल म्हणाला. शनिवारी आणायला जाणार आहे, भाचीला सोबत घेऊन, म्हणजे तेल कसं लावायचं ते त्याच्याच हातनं बघेल.