एकच रायझोबियम साऱ्या द्विदल चाऱ्याला पुरत नाही

शेतकऱ्यांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो: रायझोबियमचे (मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकासाठी बांधणाऱ्या जिवाणूंचे) कोणतेही पाकीट कोणत्याही द्विदल चारापिकाला चालते, एकदा बियाण्याला चोळले की ते जिवाणू जमिनीत कायमचे वसतात, आणि मुळांवर गाठी दिसल्या की नत्राची चिंता मिटली. रायझोबियम म्हणजे खतासारखी एकजिनसी वस्तू आहे, हा समज या तिन्ही विधानांच्या मुळाशी आहे आणि तोच चुकीचा आहे.

पहिले विधान सहज खोडता येते. लसूणघासावर एन्सिफर मेलिलोटाय हा जिवाणू गाठी करतो, बरसीमवर मुख्यतः रायझोबियम लेग्युमिनोसॅरमचा क्लोव्हर-गटाशी (बरसीम ज्यात मोडते त्या चारापिकांच्या गटाशी) जुळलेला प्रकार, तर चवळी आणि स्टायलोवर ब्रॅडीरायझोबियम. मुळातून झिरपणारी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये जिवाणूची गाठी घडवणारी जनुके जागी करतात, त्यावर जिवाणू एक विशिष्ट रेणू सोडतो, आणि त्या रेणूवर सल्फेटचा गट नसेल तर लसूणघासाचे मूळ त्याला दाद देत नाही. म्हणून तुरीचे उरलेले पाकीट लसूणघासाला चोळण्यात अर्थ नाही. मेथी मात्र लसूणघासाच्याच गटातली असल्याने, मेथी घेतलेल्या रानात योग्य जिवाणू आधीपासून असण्याची शक्यता अधिक.

एका जातीच्या नावाखालीही केवढे वैविध्य असते, हे इंग्लंडमधील यॉर्क येथे दिसले. तिथे एक चौरस मीटर जागेतील पांढरा क्लोव्हर आणि व्हेच या द्विदल वनस्पतींच्या गाठींतून रायझोबियम लेग्युमिनोसॅरमचे 72 नमुने वेगळे केले, तेव्हा जनुकसंचाच्या तुलनेत त्यांचे पाच स्पष्ट गट पडले. क्लोव्हरमध्येही, भूमध्य प्रदेशातील वार्षिक जातींवर उत्तम काम करणारे स्ट्रेन (एकाच जातीतले उपप्रकार) बहुवार्षिक जातींवर अनेकदा निष्प्रभ ठरतात.

दुसरे विधान अधिक बारकाईने तपासण्यासारखे आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. सोडलेले जिवाणू काही जमिनींत वर्षानुवर्षे टिकतात. पण ते होते तसेच राहतात, हे खरे नाही. न्यूझीलंडच्या ओटागो भागात लोटस या कुरणी पिकासाठी एकाच स्ट्रेनचे संवर्धक (बियाण्याला चोळायचे जिवाणू) वापरले होते आणि त्या जमिनीत लोटसला गाठी आणणारे मूळचे जिवाणू नव्हते. सात वर्षांनी गाठींतून काढलेले बहुतेक जिवाणू मात्र परस्परांपासून भिन्न निघाले. सहजीवनाच्या जनुकांचा सुमारे 5 लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) अखंड तुकडा सोडलेल्या स्ट्रेनमधून स्थानिक, गाठी न करणाऱ्या मेसोरायझोबियम या रायझोबियमच्याच नात्यातल्या जिवाणूच्या गुणसूत्रात जाऊन बसला होता. सुलिव्हान आणि रॉन्सन या संशोधकांच्या गटाने 1995 आणि 1998 मध्ये मांडलेला हा निष्कर्ष मला या साऱ्या विषयाचा कणा वाटतो.

अशी देवाणघेवाण नेहमी शेतकऱ्याच्या फायद्याची नसते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेरुला या कुरणी पिकासोबत आणलेल्या मेसोरायझोबियमच्या बाबतीत सहा वर्षांनी तपासलेल्या 88 नमुन्यांपैकी 7 नवे स्ट्रेन निघाले. त्यांनीही सहजीवनाची जनुके मिळवली होती, पण त्यांच्यातील पाच नत्र फारच कमी बांधत, तर दोन स्ट्रेन गाठी करूनही नत्र मुळीच बांधत नव्हते.

तिसऱ्या विधानाचे उत्तर याच उदाहरणात आहे. गाठ असणे आणि नत्र बांधले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी चार रोपे न उपटता कुदळीने मातीसकट काढावीत, मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत आणि गाठ ब्लेडने आडवी कापावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर नत्र बांधणाऱ्या विकराला प्राणवायूपासून जपणारे लेगहिमोग्लोबिन तिथे आहे आणि गाठ काम करते आहे. आतून पांढऱ्या किंवा हिरवट निघालेल्या गाठींचे नत्रात योगदान नसल्यासारखेच असते. त्या नुसत्या पिकाची साखर खातात. बहुतेक गाठी अशाच निघाल्या, तर पुढच्या पेरणीला त्या पिकाच्या नावाचे आणि मुदतीतले संवर्धक घेऊन बीजप्रक्रिया पुन्हा करावी.