पट्या आणि त्याचा बुटका

१९९८ चा हिवाळा, न्यू जर्सीतलं एडिसन, आणि वायटूकेच्या (२००० साल उजाडलं की संगणक तारखांत घोळ घालतील, या भीतीच्या) कृपेनं अमेरिकेत पोचलेले आम्ही चौघं. दिवसा कोबोल या जुन्या संगणकभाषेतल्या प्रोग्राममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करत बसायचं आणि रात्री १९ इंची टीव्हीचे चार चौकोन करून एकमेकांना गोळ्या घालायच्या. गेम अर्थातच गोल्डनआय, निन्टेंडो ६४ या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरचा. बाँडचा सिनेमा आला १९९५ ला आणि गेम १९९७ च्या ऑगस्टमधे, म्हणजे वरात मांडवातून गेल्यावर बँडवाले पोचले, पण वाजवलं असं की विचारू नका. रेअर नावाच्या इंग्लिश कंपनीनं बनवलेला, आणि चौघांनी खेळायचा भाग तर त्यांनी अगदी शेवटच्या काही महिन्यांत घुसडलेला! आमचे दोन हिवाळे त्या घुसडलेल्या भागातच गेले.

नियम एकच, जो हरेल त्यानं भांडी घासायची.

आता भानगड अशी की आमच्यातला पट्या खेळायला कायम ऑडजॉब हे पात्र घ्यायचा. हा ऑडजॉब मुळात या सिनेमातला नाहीच, १९६४ च्या गोल्डफिंगरमधला टोपीवाला गुंड, पण गेममधे त्याला इतका बुटका केलाय की सरळ समोर झाडलेली गोळी त्याच्या डोक्यावरनं भिंतीत जाते. मारायचा असेल तर आर बटण दाबून धरा, मग स्टिकनं नेम खाली आणा, आणि आर दाबलं की स्टिकनं चालता येत नाही, म्हणजे तुम्ही बँकेच्या रांगेत उभं राहिल्यासारखे एका जागी, तोवर पट्या गुडघ्यापाशी येऊन काम उरकून पसार. त्यात त्या कंट्रोलरला मुठी तीन आणि माणसाला हात दोन! मी बोंब मारली की पट्या शांतपणे म्हणायचा, "माणसानं जरा खाली बघून चालावं रे."

एकमेकांच्या चौकोनात डोकावण्यावरनं भांडणं तर रोजचीच. जोश्यानं एकदा पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टीव्हीला सेलोटेपनं आडवे-उभे पडदे लावले, परीक्षेला बसल्यासारखे. पाचव्या मिनिटाला उभा पडदा सुटून अन्याच्या वरणात पडला. वरण तसंच खाल्लं, कारण दुसरं करणार कोण.

आणि भांडी मी घासायचो. खिचडीचा करपलेला कुकर काय चीज असते ते मला विचारा. तळाशी काळी चकती धरलेली, ती रात्रभर भिजवायची, सकाळी चमच्यानं खरवडायची, नखात डाळ घेऊन ऑफिसला जायचं. दोन हिवाळे.

मग २०१८ साली एक मुलाखत वाचनात आली, त्यात गेम बनवणाऱ्यांनीच कबूल केलेलं की ऑडजॉब घेणं म्हणजे सरळसरळ चीटिंग. वीस वर्षं! मी घाईघाईनं आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं की आता हिशेब होऊन जाऊ दे. पट्याचं उत्तर चाळीस मिनिटांनी आलं: "कुकर नीट निघायचा नाही पण तुझा."

२०२३ च्या जानेवारीत गेम निन्टेंडोच्याच स्विच या यंत्रावर आला, ऑनलाइन. मी जर्सीतच, पट्या डॅलस, जोश्या टोरांटो, अन्या मेलबर्न. अन्याच्या मध्यरात्री सगळे जमलो, आमच्याकडे सकाळ. मला वाटलेलं आता निदान ज्याचा त्याचा स्क्रीन, तर कसलं काय, ऑनलाइनलाही तेच चार चौकोन, म्हणजे डोकावणं आता आंतरराष्ट्रीय. जोश्या म्हणाला पुठ्ठा आणू का.

आमचे चष्मे सापडेपर्यंत पट्यानं बुटका घेतलेला. मी आर दाबला, नेम खाली, अजून खाली, आणि माझ्या चौकोनात वरनं लाल रक्त ओघळायला लागलं. डॅलसहून आवाज आला, "खाली बघ रे, खाली."

सिंकमधे कालचा कुकर होताच.