लोराची ‘१५ किलोमीटर रेंज’: एका दाव्याचा प्रतिवाद

ग्रामीण पाणीपुरवठा योजनांच्या कंत्राटदारांमध्ये आणि कारखान्यांच्या देखभाल विभागांमध्ये एक दावा सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: उंच टाकीची पातळी किंवा पंपाचा दाब दूरवरून पाहायचा असेल तर लोरा मॉड्यूल, म्हणजे थोड्या शक्तीवर लहान संदेश लांबवर पाठवणारे रेडिओ उपकरण, लावावे. त्याची रेंज १५ किलोमीटर असते, परवाना लागत नाही, सर्वेक्षणाची गरज नाही, सिग्नल कमी पडला तर मोठा अँटेना लावावा आणि बॅटरी १० वर्षे पुरते. यातील बहुतेक विधानांत सत्याचा अंश आहे आणि त्यामुळेच ती निविदांमध्ये जशीच्या तशी उतरतात.

प्रथम १५ किलोमीटरचा आकडा. तो फुगवलेला आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मोकळ्या अवकाशाच्या हिशेबाने पाहिले तर तो उलट फारच लहान आहे. आपल्याकडच्या लोराच्या ८६६ मेगाहर्ट्झ वारंवारतेला १५ किलोमीटरमध्ये सिग्नल सुमारे ११५ डेसिबेलने क्षीण होतो (दर १० डेसिबेलला शक्ती दहा पटींनी घटते), तर १४ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये मोजलेली शक्ती) इतक्या शक्तीने पाठवणारे मॉड्यूल आणि उणे १३७ डीबीएमपर्यंतचा सिग्नल उचलणारा रिसीव्हर यांच्यात १५१ डेसिबेलपर्यंतचा तोटा सोसण्याची ऐपत असते. म्हणजे ३६ डेसिबेल शिल्लक राहतात आणि कागदावर ही लिंक, म्हणजे दोन टोकांमधला रेडिओदुवा, शेकडो किलोमीटर चालायला हवी. उंच आकाशातल्या बलूनवरून लोराचा सिग्नल ७०० किलोमीटरहून अधिक अंतरावर मिळालाही आहे. जमिनीवर मात्र ही शिल्लक अंतरापेक्षा अडथळे जास्त खातात, म्हणून वाटेत काय आहे हे न सांगता दिलेल्या किलोमीटरच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दावा खरा घसरतो तो ‘सर्वेक्षण नको’ या विधानावर. समोरची टाकी डोळ्यांना दिसते म्हणजे लिंक मोकळी आहे, असे समजले जाते. परंतु रेडिओलहरींना दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवतीची जागाही मोकळी लागते, जिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ८ किलोमीटरच्या लिंकमध्ये ८६६ मेगाहर्ट्झला या क्षेत्राची मध्यावरील त्रिज्या सुमारे २६ मीटर भरते आणि तिच्यातला किमान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास १६ मीटर, मोकळा असावा असा संकेत आहे. सपाट माळावर दोन्ही टोकांना २० मीटर उंचीवर अँटेना बसवले आणि मध्ये १० मीटर उंचीची झाडे असली, तर पृथ्वीच्या वक्रतेचा एक मीटर वजा जाता अवघे ९ मीटर हाती राहतात. अशी लिंक चाचणीच्या दिवशी चालते, पण तिच्यात राखीव काही उरत नाही. मध्ये रेषेच्या ३० मीटर वर आलेली एखादी डोंगरसोंड असेल, तर धारदार कड्याच्या आदर्श गणितानेही आणखी १७ डेसिबेल जातात. सह्याद्रीच्या पूर्वेकडील आपले डोंगर बहुतांशी सपाट माथ्याचे, म्हणून तिथला तोटा सहसा याहून अधिकच निघतो.

शिवाय सर्वेक्षण केव्हा केले, यालाही महत्त्व आहे. एप्रिल-मेमध्ये साग निष्पर्ण असतो, त्या दिवसांत मिळालेला सिग्नल पाहून उंची ठरवली जाते आणि श्रावणात, पानांचा पसारा पूर्ण भरून तो ओला झाल्यावर, लिंक तुटू लागते. मग ‘पावसामुळे रेंज जाते’ असा शेरा नोंदवहीत पडतो. वास्तविक या वारंवारतेला पावसाच्या थेंबांमुळे होणारा तोटा नगण्य असतो. तो जाणवू लागतो साधारण १० गिगाहर्ट्झच्या पुढे. पावसाळ्यात लिंक का गेली याची कारणे ओल्या झाडीत किंवा नीट टेप न गुंडाळलेल्या कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यात शोधावीत. दुसरे कारण अधिक सरावाचे आहे, हे टाकीवर चढणाऱ्या कोणत्याही तंत्रज्ञाला विचारावे.

परवान्याबाबतचे विधान अर्धे खरे आहे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त असला, तरी ट्रान्समीटरची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनासह प्रभावी प्रसारण ४ वॅटपर्यंत मर्यादित आहे, आणि उपकरणाला प्रकारमान्यता, म्हणजे त्या नमुन्याला सरकारी मंजुरी, लागतेच. बाजारात स्वस्तात मिळणारी ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूल अमेरिकी पट्ट्यासाठी बनवलेली असतात. त्या पट्ट्याचा खालचा भाग आपल्याकडे मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झ अपलिंकमध्ये (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलच्या पट्ट्यात) येतो, त्यामुळे ती येथे लावणे बेकायदा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परवाना नाही म्हणून संरक्षणही नाही. टोलनाक्यांवरचे फास्टॅगचे रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्येच काम करतात. महामार्गालगतच्या पंपगृहात रिसीव्हर ठेवणाऱ्याने त्यांची तक्रार करण्याला काही अर्थ नाही. त्याने त्या जागेवरचा गोंगाट, म्हणजे इतर रेडिओलहरींचा गोंधळ, आधी मोजावा. रिसीव्हरचा उणे १३७ डीबीएम हा आकडा प्रयोगशाळेतल्या शांततेत मिळालेला असतो. जागेवरचा गोंगाट १० डेसिबेलने चढला की ऐपतही तितकीच उतरते.

‘मोठा अँटेना लावा’ हा सल्ला तर अनेकदा उलटा पडतो. चहूबाजूंना प्रसारण करणारा ८ डीबीआयचा (डीबीआय म्हणजे अँटेना एका दिशेला शक्ती किती एकवटतो याचे माप) अँटेना शक्ती निर्माण करत नाही, तो उभ्या दिशेतली शक्ती काढून क्षितिजाकडे वळवतो. टेकडीवरच्या संतुलन टाकीवर तो बसवला की दूरच्या गावाचा सिग्नल सुधारतो आणि टेकडीच्या पायथ्याचे पंपगृह बंद पडते. त्यातच मॉड्यूल खाली पॅनेलमध्ये आणि अँटेना वर अशी मांडणी असेल, तर आरजी-५८ ही बारीक केबल १५ मीटर लांबीत सुमारे ७ डेसिबेल गिळते, म्हणजे शक्तीचा पाचवा हिस्सा जेमतेम वर पोहोचतो. एलएमआर-४०० सारख्या जाड केबलमध्ये तितक्याच लांबीला सुमारे २ डेसिबेल जातात. मॉड्यूलच हवामानरोधक डबीत घालून अँटेनाच्या बुडाशी नेणे आणि खाली फक्त आरएस-४८५ ची (आकडेवारी वाहून नेणारी) तार आणणे मला अधिक पसंत आहे. मात्र मग विजेपासूनचे संरक्षण आणि अर्थिंग यांत हयगय चालत नाही.

राहिली बॅटरी. लोरात स्प्रेडिंग फॅक्टर जितका मोठा, तितका संदेश सावकाश जातो पण लांब पोहोचतो. लांब पल्ल्यासाठी फॅक्टर १२ वापरला की २० बाइटचा संदेश जायला सुमारे १.३ सेकंद लागतात. फॅक्टर ७ ला तेच काम ५७ मिलिसेकंदांत होते. २० डीबीएमला मॉड्यूल १२० मिलिअँपिअर ओढते असे धरले, तर दर मिनिटाला संदेश पाठवणाऱ्या टाकीवर १९ अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी वर्षभरही पुरत नाही. दर १५ मिनिटांनी पाठवल्यास १० वर्षांचा हिशेब कागदावर जुळतो, पण फुटलेल्या जलवाहिनीची खबर १५ मिनिटांनी मिळणे योजनेला परवडते का, हे आधी ठरवावे लागते. एकाच चॅनलवर अशा ४० टाक्या दर मिनिटाला फॅक्टर १२ ने बोलू लागल्या, तर त्यांच्या संदेशांचा एकूण वेळच मिनिटाला सुमारे ५३ सेकंद भरतो आणि वेळ ठरवून न दिल्यास बहुतेक संदेश एकमेकांवर आदळतात.

म्हणून निविदेत ‘रेंज किमान १५ किमी’ हे कलम असेल तर ते काढून त्याऐवजी प्रत्येक लिंकचा स्वतंत्र डेसिबेल हिशेब, भूरूपाच्या छेदासह, मागावा. केबलचा तोटा आणि जागेवर मोजलेला गोंगाट धरून किमान १५ ते २० डेसिबेल राखीव राहतील अशी अट घालावी. स्वीकृती चाचणी भर पावसाळ्यात घ्यावी. ज्या लिंकवरून पंप चालू-बंद होणार असेल, तिथे ठरावीक वेळेत संदेश न आल्यास पंप आपोआप थांबेल हे संदेश पाठवणाऱ्या टोकाच्या आरटीयूचा (मापे गोळा करून पाठवणाऱ्या उपकरणाचा) वीजपुरवठा प्रत्यक्ष तोडून दाखवायला सांगावे.