‘एकदा सेटअप करून घ्या’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना पैसे नेमके कशाचे मोजावेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं की आजकाल सगळ्याच गिटार मशिनवर कापल्या जातात, इलेक्ट्रिकमध्ये लाकडाला काही अर्थ नाही, ट्यूनरचं, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्यांचं, मी उगाच स्तोम माजवलं, आणि एडी व्हॅन हेलन व ब्रायन मे या नामवंत गिटारवादकांनी टाकाऊ मालावर नाव कमावलं. शेवट आपल्याच शब्दांत देतो: ‘स्वस्तातली घ्या, एकदा सेटअप करून घ्या, महागडीइतकीच वाजते. असल्या हौशी लोकांनी कमिशनसाठी सल्ले देऊ नयेत.’

हे लिहिण्याआधी आपण लेख शेवटपर्यंत वाचला असता तर बरं झालं असतं. त्यात एकाही ब्रँडची शिफारस नाही आणि ‘महाग घ्या’ असं एकही वाक्य नाही. उलट पिकअपच्या नावावर जादा पैसे घालू नका असं मी स्पष्ट लिहिलंय, कारण पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग), पॉट (आवाज कमीजास्त करायचं बटण), स्विच हे सगळं नंतर केव्हाही बदलता येतं. मग कमिशन कोणाचं आणि कशाचं? मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला आपण ओळखतही नाही त्याच्या हेतूवर पहिल्याच भेटीत शिंतोडे उडवायचे, ही चर्चेची कुठली रीत?

आणि ‘हौशी’. हो, मी स्टेजवर वाजवून पोट भरत नाही. पण शिकणाऱ्यांच्या गिटार उघडून दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. ट्रस रॉडची, म्हणजे नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) आतल्या सळईची, किल्ली फिरवणं आणि फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, फाईल चालवणं यातला फरक माझ्या हातांना ठाऊक आहे. तुमच्या प्रतिक्रियेत तो फरक कुठेच दिसला नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

ट्यूनरबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. ट्यूनिंग सरकते तेव्हा बहुतेक वेळा तार नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत अडकलेली असते. ट्यूनर फिरवताना ‘टिंग’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो, तेव्हा ते ओळखावं. लेखातल्या तपासायच्या गोष्टींच्या यादीत नट ट्यूनरच्या आधी यायला हवा होता.

आता तुमच्या त्या सेटअपकडे येतो. सेटअपमध्ये होतं काय? ट्रस रॉडने नेकचा बाक जुळवतात. सॅडल (तारांचा बॉडीकडचा टेकू) खालीवर करून तारांची उंची लावतात आणि पुढेमागे करून बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर व तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) एक करतात. नटच्या खाचा बघतात, पिकअपची उंची ठरवतात. म्हणजे गिटारमध्ये जे जे फिरवता येतं ते नीट फिरवून ठेवतात. जे फिरवता येतच नाही त्याचं काय?

नेकला पीळ पडला असेल तर ट्रस रॉड कितीही फिरवा, तो बाक काढेल, पीळ काढणार नाही. नेक बसतो ती खाच ढिली कापलेली असेल तर नेक बाजूला सरकतो आणि कडेची तार फिंगरबोर्डवरून घसरत राहते. फिंगरबोर्डचं लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर कोरड्या हवेत ते आकसतं, फ्रेटची टोकं कडेबाहेर येतात आणि हात वरखाली करताना बोटांना ओरखडे पडतात. ट्रेमोलो (बार दाबून सूर हलवायची यंत्रणा) ज्यांवर तोललेला असतो त्या धारा मऊ धातूच्या असतील तर त्या झिजतात आणि बार सोडल्यावर तारा मूळ सुरावर परत येत नाहीत. यातली कुठली गोष्ट तुमच्या ‘एकदा सेटअप’मध्ये बसते?

सगळ्यात जास्त छळतो तो उंच राहिलेला फ्रेट. समजा नववा फ्रेट किंचित वर राहिलाय. आठव्यावर बोट ठेवलं की तार नवव्याला घासून बझ करते. सेटअप करणारा सॅडल चढवतो, बझ जातो, गिऱ्हाईक खूश. पण आता ती तार सगळ्या नेकवर उंच झालेली असते. बार कॉर्डला (एकच बोट आडवं ठेवून तारा दाबायच्या कॉर्डला) जास्त जोर लागतो, आणि दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो, म्हणजे ट्यूनिंग बरोबर असूनही कॉर्ड बेसूर. यावर खरा उपाय फ्रेट लेव्हल करण्याचा. सगळ्या फ्रेटचे माथे घासून एका पातळीत आणायचे, मग सपाट झालेल्या प्रत्येक माथ्याला फाईलने पुन्हा गोलाई द्यायची, मग पॉलिश. फ्रेट २२ असतील तर ती गोलाई २२ वेळा. याची मजुरी स्वस्तातल्या गिटारच्या किमतीला कधी कधी भिडते, आणि हे सेटअपमध्ये धरलेलं नसतं.

गिटार मशिनवर कापल्या जातात हे खरं. त्यामुळेच फ्रेटच्या खाचांची जागा आज स्वस्त गिटारमध्येही अचूक असते, हे मी लेखातही लिहिलं होतं. पण खाच कापणं वेगळं आणि त्या खाचेत प्रत्येक फ्रेट सारखा बसवून त्याच्या कडा साफ करणं वेगळं. त्याला वेळ लागतो, आणि किंमत खाली आणायची झाली की तोच वेळ कापला जातो. महाग गिटारमध्येही उंच फ्रेट निघतो. म्हणून तर मी किमतीचा आकडा न देता हातात घेऊन काय काय तपासायचं ते लिहिलं.

माझ्याकडे एक मुलगी अशीच गिटार घेऊन आली होती, सेटअप करून घेतलेली. बाराव्या फ्रेटच्या वर बेंड केला, म्हणजे तार बाजूला ताणून सूर चढवला, की सूर गुदमरून बंद पडायचा, आणि ती मला सांगत होती, ‘माझ्या बोटांत जोर नाही.’ तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ पट्टी मी नेकवर ठेवली. ती डुगडुगली, म्हणजे मधला फ्रेट उंच होता. मग पट्टी तिच्याच हातात दिली, तिने स्वतः पुन्हा पुन्हा डुगडुगवून पाहिली. तोवर ती रोज रियाज करत होती आणि रोज स्वतःच्या बोटांना दोष देत होती. तुमचं ते बिनधास्त वाक्य वाचून गिटार घेणाऱ्याच्या वाट्याला हे येतं. तेव्हा तो तुम्हाला विचारायला येत नाही, गिटार कोपऱ्यात ठेवून देतो.

ब्रायन मे यांचं उदाहरण तर तुम्ही द्यायलाच नको होतं. १९६३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी त्यांची ती प्रसिद्ध गिटार घरीच करायला घेतली. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा, त्यात किडीने पाडलेली भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या. माल टाकाऊ, कबूल. पण तो ट्रेमोलो कडक पोलादाच्या धारेवर तोललेला आहे आणि मे यांनी ती गिटार आयुष्यभर वाजवली आहे. स्वस्त मालाची उत्तम घडण, हा माझाच मुद्दा झाला. व्हॅन हेलन यांनीही सेकंडची, म्हणजे दोषामुळे बाजूला काढलेली, बॉडी घेतली, पण गिब्सनच्या ईएस-३३५ या गिटारमधला हंबकर पिकअप काढून त्यात स्वतः बसवला. त्यांना गिटार जोडता येत होती. पहिली गिटार घेणाऱ्याला ते येत नसतं, आणि लेख त्याच्यासाठी होता.

लाकूड आणि आवाजाच्या वादात मला पडायचं नाही. लेखात त्यावर एक ओळ आहे, ती तुम्ही वगळून वाचा, बाकी काही बदलत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्याकडे जी गिटार असेल तिच्या पहिल्या तारेवर बाराव्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत प्रत्येक ठिकाणी पूर्ण स्वराचा बेंड करून बघा. जुन्या घडणीचा, फिंगरबोर्डची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची असलेला नेक असेल तर ॲक्शन (तारांची उंची) थोडी वर घेऊन बघा, कारण त्या गोलाईवर लेव्हल केलेले फ्रेटही गुदमरतात. कुठे सूर बंद पडला तर फ्रेटचा नंबर लिहून कळवा, पुढे काय करायचं ते मी सांगेन. फक्त त्याआधी कमिशनचा आरोप मागे घ्या.