‘हापूस भाजणं म्हणजे हापूसचा अपमान’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘भाजलेला हापूस आणि घरचं ताजं चीज’ या पाककृतीखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी सारांश देते. हापूस भाजणं हा हापूसचा अपमान आहे. घरची कलमं असलेला माणूस असलं काही करणार नाही. लिंबू पिळून फाडलेल्या दुधाला रिकोटा (इटलीतलं मऊ, ताजं चीज) म्हणत नाहीत. मिठाचं माप दिलेलं नाही. आणि शेवटी, ‘हल्लीच्या बायकांना इटालियन म्हटलं की भान राहत नाही.’

मिठाचं आधी घेते, कारण ते तुमचं बरोबर आहे. वरून कोकमाचं आगळ शिंपडायला सांगितलं होतं आणि आगळ मुळातच खारट असतं, तेव्हा चीजमध्ये मीठ किती हे लिहायला हवं होतं. एक लिटर दुधाच्या चीजला पाव चमचा पुरे. मूळ लेखात तसं घालते.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. पाककृती पटली नाही तर पाककृतीबद्दल बोला, खुशाल बोला. मालवणच्या एक मावशी इथे नेहमी लिहितात, माझ्या अर्ध्या गोष्टी त्यांना पटत नाहीत, पण ‘बाळा, यात नारळ कमी पडला’ असं सांगतात आणि मी ऐकते. तुम्ही मात्र नाव न लिहिता, चव न घेता, मी कोण आहे हे न विचारता माझं भान काढलंत. ही कसली भाषा? घरी आलेल्या पाहुण्याने पानात काय वाढलंय ते न बघताच वाढणारीला बोल लावावेत, तसं झालं हे.

आणि ‘घरची कलमं असलेला माणूस’! हे वाक्य मला फार लागलं. माझं माहेर देवगड तालुक्यातलं. आमची कलमं कातळावरची आहेत, कातळात खड्डे मारून, बाहेरून माती आणून भरून लावलेली. मोहोर आला की तुडतुड्याची धास्ती, फळ धरलं की वानरांची, आणि एप्रिल-मेमध्ये आभाळ भरून आलं की बाबांना जेवण जात नसे. घळीने आंबा कसा उतरवायचा, देठ किती ठेवायचा, देठाचा चीक सालीवर ओघळला की काळा डाग पडतो आणि पेटीतून ते फळ बाद होतं, हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आले. चीक हातावर उडून भाजल्याचा डाग माझ्या मनगटावर अजून आहे. पेंढ्याच्या आढीत हात घालून कुठला आंबा आज खायचा आणि कुठला परवा, हे आई नुसत्या वासावरून सांगायची. मलाही येतं. हापूसचा मान कशात आहे हे मला शिकवायला येण्याआधी एवढं तरी विचारायचंत.

अपमान म्हणजे काय, तेही सांगते. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने पेटीत भरून विकतात, तो हापूसचा अपमान. बंदी असूनही कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवून कोवळं फळ पिवळं करतात, तो अपमान. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांसाठी, ते याच फसवणुकीला आळा बसावा म्हणून. त्याबद्दल तुम्ही कुठे एक ओळ लिहिली असेल तर मला दाखवा.

राहिला विस्तव. हापूसचा रस पितळी पातेल्यात तासन्‌तास ढवळत आटवतो आणि मावा करून ठेवतो, तेव्हा कुणाला अपमान दिसत नाही. कैरी निखाऱ्यात भाजून पन्हं करतो, आठळ्या चुलीत घालतो, रायवळांचं सासव करतो. कोकणात फळ आणि विस्तव यांची ओळख जुनी आहे.

शिवाय मी कुठला आंबा घ्यायला सांगितला होता, ते वाचलंत का? आढीतला पूर्ण पिकलेला, देठाशी सुरकुतलेला, सुवासिक हापूस मीही हातात धरूनच खाते. लेखात स्पष्ट लिहिलंय: हंगामाच्या शेवटचा, थोडा करकरीत, पाडाला लागलेला. हे फळ आम्ही किलोवर कॅनिंगला देतो, कारण गोडी असते पण आंबटपणा पुढे येतो आणि पेटीला भाव नसतो. बाठ्याच्या दोन्ही बाजूंचे जाड काप काढायचे, कापलेल्या बाजूला तेलाचं बोट फिरवायचं आणि खूप तापलेल्या बिडाच्या तव्यावर ती बाजू खाली करून ठेवायचं. दीड-दोन मिनिटं हलवायचं नाही. वरचं पाणी उडतं, साखर तपकिरी होते, कडांना किंचित कडवटपणा येतो आणि तो आंबटपणा मागे सरतो. करवंटीचे निखारे असतील तर धुराचा वासही लागतो. आतला गर घट्टच राहतो. पूर्ण पिकलेला आंबा असा ठेवलात तर तव्यावर रस होईल, म्हणून तो नको, हेही मी लिहिलं होतं. ज्यांना आंबा भाजवतच नाही त्यांनी काप्या फणसाचे गरे घ्यावेत, तेही सुरेख लागतात.

इटलीत उन्हाळ्यात पीच भाजतात आणि ताज्या चीजबरोबर जेवणाआधी वाढतात. पिएमोंतेत तर पीच भरून भट्टीत घालतात. खरबुजावर खारवलेलं मांस ठेवून खातात. तिथल्या फळबागवाल्यांना त्यात मानहानी वाटत नाही. गोड, खारट आणि दुधाळ एकत्र आलं की उकाड्यात भूक उघडते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी कुणाला जेवावंसं वाटतं?

रिकोटाबद्दल फार लिहीत नाही. खरा रिकोटा चीज करून उरलेल्या निवळीपासून करतात, हे मला ठाऊक आहे. मी शीर्षकात ‘ताजं चीज’ म्हटलंय आणि आत ‘रिकोटासारखं’. ‘सारखं’ दिसलं नसेल तर नाइलाज आहे. पनीर म्हणाल तर तेही नाही, कारण वजन ठेवून दाबायचं नाही. फडक्यात वीस मिनिटं निथळू द्यायचं, ओलसर आणि मऊ राहिलं पाहिजे. दूध म्हशीचं घ्या. इटलीतल्या ज्या कंपानिया प्रांताच्या मोझरेला चीजला युरोपने १९९६ साली नावाचं संरक्षण दिलं, ते म्हशीच्याच दुधाचं असतं. देवगडात बसून ताजी बुराटा, म्हणजे आत साय भरलेलं तिथलं चीज, कुठून आणायची, ते तुम्ही सांगा.

वरच्या पानांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इतर दोघींनी विचारलंय: बेसिल मिळत नसेल तर अंगणातल्या सब्ज्याची कोवळी पानं वापरा, ते त्याच जातीचं झाड आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. बायकांवरचं ते वाक्य मात्र तुम्ही स्वतः काढावंत असं मला वाटतं. आणि पुन्हा लिहिणार असाल तर आधी एक आंबा भाजून बघा, आणि खाली नाव लिहा.